प्रोजेक्ट मॅनेजरच्या इंटरव्ह्यूची तयारी: जून ते ऑगस्ट २०२४ च्या नोंदी

२ जून, रविवार

आजपासून सुरुवात. मी हिंजवडीत आयटी सर्व्हिसेसमध्ये आहे, आधी टेस्ट लीड, मग डिलिव्हरी लीड, आणि गेली काही वर्षं काम सगळं प्रोजेक्ट मॅनेजरचंच करतेय पण पदाचं नाव ते नाही. आता बाहेर पीएमच्या जागांना अर्ज टाकतेय. टेस्टिंगमधून, बीएमधून (बिझनेस अ‍ॅनालिस्ट) किंवा टेक लीडवरून ज्यांना इकडे यायचंय त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवतेय, थिअरी यात फारशी नसेल, ती सगळीकडे मिळते.

आज फक्त जेडी (जॉब डिस्क्रिप्शन) गोळा केले. पुणे-मुंबईतल्या जाहिराती उघडल्या, प्रत्येकीतलं कामाचं वर्णन एका एक्सेलमध्ये चिकटवलं आणि काय परत परत येतंय ते रंगवत गेले. स्टेकहोल्डर (कामाशी संबंध असलेले सगळे), स्कोप (ठरलेल्या कामाची व्याप्ती), रिस्क, बजेट, एजाइल, टीम. मग प्रत्येकाखाली नेहमीचे प्रश्न मांडले. यादी लांबलचक झाली पण नीट बघितलं तर मुळात प्रश्न थोडेच आहेत, तेच फिरवून फिरवून विचारतात. "कठीण क्लायंट कसा सांभाळला", "वरिष्ठांना नाही कसं म्हणालात", "मतभेद कसे सोडवता" या तिन्हींना एकच प्रसंग पुरतो, फक्त जोर कुठे द्यायचा ते बदलतं. त्यामुळे प्रश्नागणिक उत्तर लिहायचं नाही, प्रसंग तयार करायचे असं ठरवलं. मोजकेच, पण पक्के.

५ जून

ठरवलं तसं केलं मात्र नाही. नेटवर तयार उत्तरं इतकी आहेत की मोह होतोच, या आठवड्यातल्या संध्याकाळी ती वाचून, जमवून, आपल्या भाषेत लिहिण्यातच गेल्या. मग फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं. "मी रिस्क आधीच ओळखते आणि सगळ्या स्टेकहोल्डर्सना वेळोवेळी अपडेट ठेवते." चूक काहीच नाही, पण हे वाक्य कोणीही बोलू शकतं आणि ऐकणाऱ्याला त्यातून काही कळत नाही.

माझी मावसबहीण, म्हणजे ताई, बंगळुरूला प्रोग्रॅम मॅनेजर आहे, ती स्वतः पॅनेलवर बसते. तिला रेकॉर्डिंग पाठवलं. संध्याकाळी फोन आला, "अगं, हे मी रोज ऐकते. मला पुढचा प्रश्न विचारावासा वाटेल असं एक तरी वाक्य बोल ना. तारीख सांग, रक्कम सांग, कोण चिडलं होतं ते सांग." 'कोण चिडलं होतं' हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

अजून एक सांगून ठेवते. फिरत असलेल्या तयार उत्तरांतली बरीचशी २०१७ च्या पिमबॉकवरची (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाण मानलं जाणारं पुस्तक) आहेत, म्हणजे सहाव्या आवृत्तीवरची, ४९ प्रोसेस आणि १० नॉलेज एरिया. २०२१ मध्ये सातवी आली, तिच्यात १२ तत्त्वं आणि ८ परफॉर्मन्स डोमेन आहेत, मांडणीच वेगळी. पॅनेलवर सर्टिफाइड माणूस असला आणि आपण ४९ प्रोसेस म्हणत बसलो तर त्याला लगेच कळतं की हे कुठून तरी उचललंय. मी सर्टिफाइड नाही, त्यामुळे मी आवृत्त्यांत शिरणारच नाही, माझ्या कामाबद्दलच बोलणार.

९ जून, रविवार

आज खरं काम सुरू झालं. जुनं उकरायला घेतलं.

आधी हे स्पष्ट करते की क्लायंटची कागदपत्रं मी घरी आणलेली नाहीत आणि कोणी आणूही नयेत. माझ्याकडे माझी रोजची डायरी असते, आणि तारखा पडताळायला लंच टाइममध्ये ऑफिसातच बसून जुने मेल आणि मीटिंगचे मिनिट्स वाचले. क्लायंटचं नाव कुठेही लिहायचं नाही, "एक सहकारी बँक" एवढं पुरतं.

शीटमध्ये कॉलम केले: प्रसंग, तारीख, आकडा, तेव्हा समोर कुठले पर्याय होते, मी काय ठरवलं, कोणाला पटलं नाही, शेवटी काय झालं. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो 'पर्याय' आणि 'कोणाला पटलं नाही' या दोन कॉलमांचा. पर्याय भरता येत नसतील तर तो प्रसंग काढून टाकायचा, कारण मग तिथे आपण काही ठरवलंच नव्हतं, जे झालं ते आपोआप झालं. असे बरेच गळाले. एक रिलीज फार सुंदर झालं होतं, मला त्याचा अभिमानही आहे, पण त्यात माझा एकही निर्णय सापडेना, टीमच भारी होती. तो काढला.

आणि डायरीत मे २०२३ चं पान सापडलं जे मी पार विसरले होते. त्यावर पुढच्या नोंदीत.

१२ जून

प्रश्न: "तुमचा एखादा प्रोजेक्ट उशिरा झाला असेल तर सांगा." हा शंभर टक्के येतो, म्हणून सगळ्यात जास्त वेळ यालाच दिला.

काम असं होतं. बँकेच्या कर्ज मंजुरीचं नवीन सॉफ्टवेअर सगळ्या शाखांत द्यायचं, गो-लाइव्ह सोमवार १० एप्रिल २०२३. प्लॅनमध्ये यूएटी, म्हणजे वापरणाऱ्यांनी स्वतः सॉफ्टवेअर तपासून बघणं, मार्चमध्ये होती. आता ज्याचं कोणी बँकेत आहे त्याला हे वाचूनच कळेल की मार्च एंडिंगला शाखेतला माणूस जेवायला उठत नाही, तो यूएटीला कुठून येणार. पण प्लॅन नोव्हेंबरमध्ये झाला, आमच्याकडून कोणी हा मुद्दा काढला नाही, बँकेच्या आयटी विभागानेही सही केली, शाखांना कोणी विचारलंच नव्हतं.

उत्तराचा पहिला मसुदा: "बँकेचे युजर यूएटीला वेळेत आले नाहीत, त्यामुळे उशीर झाला." रेकॉर्डिंग ऐकलं तर हे सरळ क्लायंटवर ढकलणं वाटतं. बाद.

दुसरा मसुदा उलट टोकाला गेला, प्लॅनिंगमध्ये मी कमी पडले, त्यातून खूप शिकले वगैरे. हे ऐकायला प्रामाणिक वाटतं पण त्यातून समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही, उशीर दिसल्यावर मी काय केलं हा त्याचा खरा प्रश्न तसाच राहतो.

तिसरा, जो ठेवला: "यूएटी मार्चमध्ये धरली होती आणि मार्च एंडिंगमुळे शाखांतून माणसं मिळणार नाहीत हे प्लॅन करताना आमच्या लक्षात आलं नाही. पहिल्याच आठवड्यात ठरलेल्या टेस्ट केसपैकी फार थोड्या झाल्या तेव्हा मी तीन पर्याय घेऊन स्टीअरिंग कमिटीत (दोन्हीकडच्या वरिष्ठांच्या समितीत) गेले. एक, आमच्या टेस्टिंगवर भरवसा ठेवून साइन-ऑफ (बँकेची लेखी मान्यता) घेणं. दोन, यूएटी घाईत उरकून तारीख पाळणं. तीन, गो-लाइव्ह २२ मेला नेणं. मी तिसरा मागितला. कॉन्ट्रॅक्ट फिक्स्ड बिड (आधी ठरलेल्या रकमेचं) होतं, म्हणजे सहा आठवडे आमच्या मार्जिनमधून जाणार होते, म्हणून आठ जणांतले तीन जण मधल्या काळात दुसऱ्या प्रोजेक्टला दिले. आमच्या डिलिव्हरी हेडना हे आवडलं नव्हतं, त्यांना दुसरा पर्याय हवा होता."

इथे थांबायचं. पुढचं समोरचा विचारेल.

आणि आता ते विसरलेलं पान. १९ मे, शुक्रवार संध्याकाळ, रिझर्व्ह बँकेने दोन हजारच्या नोटा चलनातून मागे घेत असल्याचं जाहीर केलं, बदलून द्यायची सोय मंगळवार २३ मेपासून. आणि आमचं गो-लाइव्ह सोमवारी २२ ला! नोटा बदलायचा आणि कर्जाच्या सॉफ्टवेअरचा तसा काही संबंध नाही, पण छोट्या शाखेत माणसं तीच असतात, कर्ज बघणाराच काउंटरला बसणार. शनिवारी सकाळी मी बँकेच्या प्रोजेक्ट प्रमुखांना फोन केला आणि दोनच शाखांत सोमवारी सुरू करू, बाकी पुढे ढकलू असं सुचवलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, आता आणखी पुढे म्हणजे आमचे एमडी मला काय म्हणतील?" शेवटी तयार झाल्या. दोन शाखा २२ मेला, बाकीच्या ५ जूनला. त्या दोन शाखांतच हप्त्याच्या तारखेचा एक घोळ सापडला, तो सगळ्या शाखांत एकदम गेला असता तर निस्तरणं फार अवघड झालं असतं.

हा प्रसंग मी यादीत घेतलाच नव्हता, कारण बाहेरून आलेली गोष्ट, त्यात माझं काय, असं डोक्यात होतं. डायरी नसती तर तो सुटलाच असता. ज्यांनी डायरी ठेवलेली नाही त्यांनी आपल्या प्रोजेक्टच्या काळातल्या बातम्या चाळून बघा, सणवार, निवडणुका, बंद, पूर, काय काय आडवं आलं होतं ते आठवतं.

१६ जून, रविवार

प्रश्न: "साइन-ऑफ झाल्यावर क्लायंटने नवीन मागणी केली आणि पैसे द्यायला तयार नाही, काय कराल?"

पुस्तकी उत्तर म्हणजे चेंज रिक्वेस्ट (ठरलेल्या कामातल्या बदलाची लेखी नोंद) टाकेन. बरोबर आहे, पण ते सगळेच म्हणतात.

माझ्याकडचा प्रसंग: बँकेला कर्जमंजुरीची पत्रं मराठीतही हवी झाली, तीही साइन-ऑफनंतर. आमचा टेक लीड म्हणाला दोन दिवसांचं काम. मी त्याला बँकेची जुनी पत्रं उघडायला लावली. एक तर ती सगळी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये, म्हणजे कॉपी करून चिकटवली की नुसती अगम्य अक्षरं येतात, सगळं नव्याने टाइप करून तपासायचं. दुसरं म्हणजे अक्षरी रक्कम. इंग्रजीत वीसच्या पुढे दशकाचा शब्द आणि एककाचा शब्द जोडला की काम होतं, मराठीत एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर असे शंभरपर्यंतचे सगळे शब्द वेगळे, त्यांचा तक्ताच द्यावा लागतो, आणि तो कोणीतरी नीट मराठी येणाऱ्याने तपासावा लागतो.

मग एस्टिमेट तीन आकड्यांत मागितलं: सगळं सुरळीत तर ६ दिवस, बहुतेक १०, वाईटात वाईट २०. तीन बिंदूंचं सूत्र म्हणजे पहिला, अधिक चौपट मधला, अधिक शेवटचा, भागिले ६. इथे ६६ भागिले ६, म्हणजे ११ दिवस. दोनाचे अकरा. या पद्धतीचं पर्ट हे नाव १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामातून आलं हे माहीत असलं तर ठीक, पण पॅनेलला इतिहास नको असतो, दोनाचे अकरा का झाले ते हवं असतं.

पुढे काय केलं: पैसे मिळणार नाहीत हे दिसत होतं, म्हणून अदलाबदल मागितली. व्यवस्थापनासाठीचा एक डॅशबोर्ड स्कोपमध्ये होता ज्याची डेमोनंतर कोणी चौकशीही केली नव्हती. तो दुसऱ्या टप्प्यात टाकला आणि त्या जागी मराठी पत्रं. चेंज रिक्वेस्ट लेखी केली, रक्कम शून्य, दोन्हीकडच्या सह्या. शून्य रकमेची असली तरी लेखी का, याचं उत्तर तयार ठेवा, हमखास विचारतात. सहा महिन्यांनी "तो डॅशबोर्ड कुठे गेला" असं विचारणारा माणूस नवीन असतो, त्याला हे सगळं तोंडी पटवता येत नाही.

२० जून

आकडेमोड. अर्न्ड व्हॅल्यूची, म्हणजे झालेल्या कामाची किंमत ठरलेल्या कामाशी आणि खर्चाशी ताडून बघायची, नुसती सूत्रं पाठ करून चालत नाही, कारण आकडे देऊन "आता क्लायंटला काय सांगाल" असं विचारतात. सरावाला एक गणित घेतलं ते इथे देते.

एकूण बजेट ८० लाख. आजपर्यंत ठरलेलं काम ४० लाखांचं, प्रत्यक्ष झालेलं काम ३२ लाखांचं, खर्च ३६ लाख. शेड्यूलचा निर्देशांक ३२ भागिले ४०, म्हणजे ०.८. खर्चाचा ३२ भागिले ३६, साधारण ०.८९. असंच चालू राहिलं तर शेवटचा खर्च ८० भागिले ०.८९, सरळ धरला तर ९० लाख. उरलेलं काम ४८ लाखांचं आणि उरलेले पैसे ४४ लाख, म्हणजे इथून पुढे प्रत्येक रुपयात १.०९ रुपयाचं काम निघालं तरच बजेटमध्ये बसेल.

आधी मी इथेच थांबत होते. ताईने सांगितलं हे कॅल्क्युलेटरही करतो, तू पुढचं बोल. ०.८९ ने चाललेली टीम अचानक १.०९ ने का चालेल याला कारण असेल तरच ८० लाखांत होईल म्हणायचं, नाहीतर ९० लाखांचं आजच सांगायचं किंवा स्कोप कमी करायची बोलणी सुरू करायची.

क्रिटिकल पाथवर, म्हणजे ज्यातलं एक काम लांबलं की सगळा प्रोजेक्ट लांबतो त्या कामांच्या साखळीवर, दोन छोटे प्रश्न येतात. एका वेळी दोन क्रिटिकल पाथ असू शकतात का? हो, आणि मग एकावरचा वेळ कमी करून काही उपयोग होत नाही. क्रॅशिंग आणि फास्ट ट्रॅकिंगमध्ये फरक काय? पहिल्यात जास्त माणसं-साधनं लावून वेळ कमी करतो म्हणून पैसे जास्त जातात, दुसऱ्यात एकामागची एक कामं एकाच वेळी सुरू करतो म्हणून धोका वाढतो. एवढं पुरे.

२३ जून, रविवार

टीमचे प्रश्न. "उशीर झाला तर माणसं वाढवाल का?" याला आकड्यात उत्तर द्यायचं ठरवलं. आठ जणांत बोलण्याच्या जोड्या २८, अकरा जणांत ५५. माणसं तीन वाढली आणि समन्वय जवळपास दुप्पट, शिवाय नवीन तिघांना शिकवणारे तेच जुने, म्हणजे त्यांचंही काम थांबतं. म्हणून मी शेवटच्या टप्प्यात माणसं मागत नाही, सुटं करता येईल असं एखादं काम असेल तरच मागते, जसं की पत्रांचं टायपिंग आणि तपासणी.

चांगला डेव्हलपर मध्येच राजीनामा देतो, याला प्रसंग होता, लिहिला, फार वेगळं काही नाही.

३० जून, रविवार

आज दोन्ही पालख्या पुण्यात, रस्ते बंद, त्यामुळे घरीच होते आणि ताईने व्हिडिओ कॉलवर मॉक (सरावाचा इंटरव्ह्यू) घेतला. तिने मुद्दाम एकच प्रसंग धरला आणि सोडलाच नाही.

"तीन माणसं दुसरीकडे दिलीस, कोणती तीन?"

डेव्हलपमेंटमधली, टेस्टिंगमधलं कोणी नाही.

"का?"

यूएटीत टेस्टिंगची माणसं लागणार होती.

"मग मेमध्ये दोष निघाले ते दुरुस्त करायला कोण होतं?"

इथे मी अडखळले. खरं तर उत्तर होतं, एक जण अर्धा वेळ माझ्याकडे राहील असं मी आधीच ठरवून घेतलं होतं, पण ते शीटमध्ये नव्हतं म्हणून आठवलंच नाही. कॉलवरच ताई म्हणाली, "प्रत्येक प्रसंगाला तीन पायऱ्या खाली जा. तिसऱ्या पायरीवर कळतं की माणूस तिथे होता का नुसता मिनिट्स वाचून आलाय."

आजपासून शीटला अजून एक कॉलम, त्यात प्रत्येक वाक्यावरचा सगळ्यात अडचणीचा 'का'.

अजून एक तिने पकडलं, मी सतत "आम्ही केलं" म्हणते. सगळं "मी मी" करायला मला नकोच वाटतं, काम टीमचंच होतं. तिचा तोडगा चांगला होता, काम सांगताना आम्ही, निर्णय सांगताना मी.

६ जुलै

पैसे देऊन एक मॉक इंटरव्ह्यू केला, २,५०० रुपये. नाव लिहीत नाही. तासाभरात माझ्या पाठीमागचा पडदा, डोळ्यात बघून बोलणं आणि रेझ्युमेतल्या शब्दांची निवड यावर बोलणं झालं. प्रसंगांवर एकही उलटा प्रश्न नाही. ज्यांना कॅमेऱ्यासमोर बोलायची भीती आहे त्यांना कदाचित उपयोग होईल, मला झाला नाही. पैसे भरण्याआधी मॉक घेणारा स्वतः प्रोजेक्ट चालवलेला आहे का एवढं तरी विचारून घ्या.

त्यापेक्षा रात्री जेवताना नवऱ्याला तोच प्रसंग सांगितला त्यातून जास्त मिळालं. तो बांधकामात साइटवर असतो, आयटीचं त्याला काही माहीत नाही. त्याने पहिलंच विचारलं, "आठ आठवडे उशीर, मग पेनल्टी किती लागली?" त्यांच्याकडे कॉन्ट्रॅक्टमध्ये उशिराच्या दंडाचं कलम असतंच, दर आठवड्याला अमुक टक्के. आमच्याही कॉन्ट्रॅक्टमध्ये होतं! आणि ते लागलं नाही कारण बँकेने तारीख बदलायला लेखी मान्यता दिली होती, स्टीअरिंग कमिटीच्या मिनिट्सवर सही होती. हा माझ्या उत्तरातला सगळ्यात जड मुद्दा आणि तो मी सांगतच नव्हते. घातला.

आपल्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला एकदा तरी सांगून बघा. यूएटी म्हणजे काय इथपासून समजावावं लागतं आणि आपलं आपल्यालाच दिसतं की कुठे नुसते शब्द फेकतोय.

११ जुलै

पहिला खरा इंटरव्ह्यू, एका प्रॉडक्ट कंपनीचा. नाकारलं, संध्याकाळीच मेल आला.

उशिराचा प्रसंग उत्तम गेला, नोटांचा तर त्यांनी दहा मिनिटं खोदून विचारला. बिनसलं ते इथे: "आमच्याकडे सगळ्या टीम स्क्रममध्ये आहेत. मग पीएम म्हणून तुम्ही नेमकं काय कराल?" स्क्रम म्हणजे स्प्रिंट नावाच्या छोट्या ठरावीक फेऱ्यांत काम करायची एजाइल पद्धत. मी माझ्या सवयीचंच सांगत गेले, प्लॅन, स्टेटस रिपोर्ट, फॉलो-अप. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे तिथे कोणाला नकोय.

घरी येऊन स्क्रम गाइडची २०२० ची आवृत्ती पूर्ण वाचली, तेराचौदा पानांची आहे, आधीच वाचायला हवी होती. त्यात जबाबदाऱ्या तीनच: प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर, डेव्हलपर्स. प्रोजेक्ट मॅनेजर हा शब्दच नाही. डेली स्क्रम १५ मिनिटं आणि ती डेव्हलपर्ससाठी, मॅनेजरला स्टेटस द्यायला नाही. म्हणजे मी जे सांगत होते त्यातलं निम्मं तिथे दुसऱ्यांचं काम होतं.

नवीन उत्तर: "टीमच्या आतलं काम कसं करायचं हे टीम ठरवेल, रोजच्या डेली स्क्रममध्ये मी स्टेटस विचारायला बसणार नाही. माझं काम टीमच्या बाहेर: कॉन्ट्रॅक्ट आणि बिलिंग, इतर टीमवर आणि व्हेंडरवर अवलंबून असलेल्या गोष्टी, माणसं मिळवणं, आणि तारखेचं वचन बाहेर द्यायचं असेल तर ते टीमच्या मागच्या काही स्प्रिंटच्या वेगावरून देणं." आणि जिथे पीएमची जागा खरंच नाही तिथे तसं म्हणायचं. मला वाटतं हे बोलून दाखवणाऱ्याला घ्यायला लोकांना आवडतं, निदान मला आवडेल.

२३ जुलै

दुसरीकडे पहिला राऊंड, फोनवर. अपेक्षित होतंच, १९ तारखेचा क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या अपडेटचा प्रकार विचारला. "तुम्ही ते रिलीज सांभाळत असतात तर?"

शनिवार-रविवारी यावर बसले होते त्याचा फायदा झाला. शुक्रवारी सकाळी आपल्या वेळेनुसार ९:३९ ला सदोष अपडेट गेलं, १०:५७ ला मागे घेतलं, म्हणजे दीड तासही नाही, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते सगळ्यांनी फोटोत बघितलंच. मी दोनच मुद्दे बोलले. पहिला, सगळ्यांना एकदम का, आधी थोड्या मशीनवर का नाही. दुसरा, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, मागे घेतलेलं अपडेट पडलेल्या मशीनपर्यंत पोचतच नव्हतं कारण ती सुरूच होत नव्हती, माणसाने जाऊन सेफ मोडमध्ये फाइल काढावी लागत होती. म्हणजे रोलबॅक प्लॅन (बिघडलं तर आधीच्या स्थितीला परत जायची योजना) आहे का एवढं विचारून भागत नाही, ज्या स्थितीत तो लागणार त्या स्थितीत तो चालेल का हे विचारायला हवं. मग तिथून माझ्या दोन शाखांवर आले. तिथे आमचा रोलबॅक म्हणजे शाखेने परत जुन्या पद्धतीने कागदावर अर्ज घेणं, आणि त्यासाठी जुने छापील फॉर्म दोन्ही शाखांत मुद्दाम ठेवून घेतले होते.

फॉर्मचा मुद्दा त्यांनी लिहून घेतला, कीबोर्डचा आवाज आला.

२५ जुलै

रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून विसर्ग, सिंहगड रोडला एकतानगरीत घरात पाणी शिरलंय, शाळा बंद. आज दुपारचा राऊंड ऑफिसात होता, सकाळीच एचआरचा मेसेज आला की ऑनलाइन करू. लाइट जाईल म्हणून फोनचा हॉटस्पॉट आणि लॅपटॉप चार्ज करून ठेवला, गेलीच, पण निभावलं.

पॅनेलवर तिघं. पेनल्टीचा प्रश्न आला, जवळपास नवऱ्याच्याच शब्दात. तीन माणसांत कोणती तीन, हेही आलं. मराठी पत्रांच्या अक्षरी रकमेवर पॅनेलमधले एक सर खुश झाले, त्यांनी स्वतः कधीतरी चेक छपाईसाठी तेच केलं होतं. "अपयश सांगा" ला मी मार्चमधली यूएटी दिली आणि नंतरच्या प्रोजेक्टमध्ये प्लॅन करताना क्लायंटकडून त्यांच्या कामाच्या गर्दीचं वर्षभराचं कॅलेंडर मागून घेते हे सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, त्या कॅलेंडरमुळे कुठली तारीख प्रत्यक्षात बदललीत? एक सांगता आली, ऑक्टोबरची, दिवाळीच्या तोंडावरची. एकही बदललेली तारीख सांगता आली नसती तर तो मुद्दा तिथेच पडला असता, त्यामुळे 'शिकले' म्हणताना पुढचा पुरावा हाताशी ठेवा.

३ ऑगस्ट

एचआर राऊंड. यासाठी वेगळी तयारी लागते आणि मी ती उशिरा केली.

नोटीस पिरियड माझा ९० दिवसांचा. त्यांना ४५ दिवसांत हवंय. फोनवरच "होईल" म्हणायचं नाही. आधी आपल्या नेमणूक पत्रात बायआउट (उरलेल्या नोटीसचे पैसे भरून लवकर सुटायची सोय) आहे का, तो मूळ पगारावर का पूर्ण पगारावर, आणि कंपनीची संमती लागते का हे वाचून घ्यायचं. माझ्या पत्रात संमती लागते असं आहे, म्हणून मी सांगितलं की प्रयत्न करेन पण धरताना ९० च धरा. नवीन कंपनी बायआउटची रक्कम देईल का हे तोंडी झालं होतं, ते मेलवर मागितलं.

अपेक्षित पगाराला मी एक आकडा दिला, रेंज नाही. रेंज दिली की खालचाच आकडा पकडतात असा आजूबाजूच्या सगळ्यांचा अनुभव आहे. आणि फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती हे वेगळं विचारलं, कारण सीटीसीत (कंपनीला आपल्यावर वर्षाला पडणाऱ्या एकूण खर्चात) दोन्ही मिसळून सांगतात.

"का सोडताय" ला खरं तेच, काम करतेय त्याचं पद हवंय. आत्ताच्या कंपनीबद्दल एक वाक्यही वाकडं नाही, तशी वेळही आली नाही.

१२ ऑगस्ट

ऑफर लेटर आलं, पदाचं नाव प्रोजेक्ट मॅनेजर. बायआउटची ओळ लेटरमध्ये नव्हती, विचारल्यावर सुधारून पाठवली, तेव्हाच सही केली.

आतापर्यंतचा खर्च: मॉकचे २,५००, प्रिंटआउट आणि वही किरकोळ. शीटमध्ये शेवटी प्रसंग उरले सात, त्यातले चारच प्रत्यक्षात वापरले गेले. व्हेंडर मॅनेजमेंटचा प्रसंग कच्चाच राहिला, कोणी विचारला नाही म्हणून निभावलं. ज्यांच्या जेडीत तो ठळक आहे त्यांनी तिथून सुरुवात करा, व्हेंडरच्या उशिराचे मेल शोधा आणि त्यातला पहिला मेल तुम्ही कोणत्या तारखेला पाठवला होता ते बघा, पॅनेल तेच विचारेल.